डाव्या पायातली चप्पल

"डाव्या!" मी म्हणालो आणि वस्तरा लागला.

न्हाव्याने झटकन हात मागे घेतला. "काय डाव्या? हललात कशाला? नशीब समजा, गळ्यापर्यंत आलो नव्हतो." त्याने तुरटीचा खडा ओला करून माझ्या गालावर दाबला. चांगलंच झोंबलं. आरशाच्या वरच्या फळीवर रेडिओ होता आणि रेडिओत कुलूपवाला बोलत होता. "तिच्या एका पायात तिची स्वतःची चप्पल होती," तो सांगत होता, "आणि उजव्या पायात माझ्या वडिलांची. घाईत जी सापडली ती घालून धावत आली होती बिचारी. सगळी मुलं हसली. आणि मी, मी सगळ्यांदेखत म्हणालो, ही माझी आई नाही. ही आमच्याकडे कामाला येते." इथे त्याचा आवाज फाटला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीही नाक ओढलं, ते स्पष्ट ऐकू आलं. न्हावी वस्तरा धरलेल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसत मला म्हणाला, "आई ती आईच हो. एवढा मोठा माणूस, पण बघा, लपवलं नाही." मी अर्धा गाल फेसात, अर्धा रक्तात, असा बसून राहिलो. उजव्या नाही रे गाढवा, डाव्या पायात. पण हे सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडाने? त्याला ती आई मीच तर दिली होती.

दिली म्हणजे अक्षरशः दिली. माझा धंदाच तो. ज्यांना बोलता येतं पण लिहिता येत नाही, आणि ज्यांना बोलताही येत नाही पण आपलं चरित्र असावंसं वाटतं, अशा माणसांची पुस्तकं मी लिहितो. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो असतो आणि आत सगळीकडे 'मी' असतो. तो मी, मी नसतो. काही पुस्तकांत निदान शब्दांकन म्हणून कुणाचं तरी बारीक अक्षरात नाव येतं, माझं तेही येत नाही. करारातच तसं असतं. आभाराच्या पानावर शेवटी 'आणि इतर अनेकांचे' असं लिहिलेलं असतं ना, तो इतर अनेक म्हणजे मी. आतापर्यंत मी एक शल्यविशारद झालोय, एक निवृत्त न्यायाधीश झालोय, तीन नवरे केलेली एक गायिका झालोय. कुलूपवाला तसा सोपा होता. मोठा कारखाना, घरोघरी त्याची कुलुपं, बोलायला रोखठोक. आठवड्यातून दोनदा मी त्याच्या कचेरीत जायचो, टेबलावर यंत्र ठेवायचो आणि तो बोलत सुटायचा. घरी येऊन मी ते पुन्हापुन्हा ऐकायचो. माणूस काय सांगतो हे नंतर लिहिता येतं. आधी तो कुठे थांबतो ते धरावं लागतं. कुलूपवाला वाक्य संपलं की 'तर ते एक' म्हणायचा आणि जीभ टाळ्याला लावून टक असा आवाज करायचा, कुलूप बसल्यासारखा. पुस्तक चाललं होतं तोवर मीही घरात तसंच करायला लागलो होतो. पोळलं तरी टक, पेन सापडलं तरी टक. एकट्या माणसाचं बरं असतं, कुणी हसत नाही.

घोडं अडलं ते आईवर. पहिल्या कारखान्याची आग, भावाशी फाटलं ते, कामगारांचा संप, सगळं त्याने तासन्‌तास सांगितलं. आईचं विचारलं तर म्हणाला, "होती. चांगली होती." मी म्हटलं, आणखी काही? हात कसे होते, आवाज कसा होता, रागावली तर काय म्हणायची? त्याने खूप वेळ खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "भरपूर काम असायचं तिला. तर ते एक." टक. संपली आई. मी ते जसंच्या तसं लिहून दिलं तर प्रकाशकबाईंचा फोन आला. "अहो, आईचं प्रकरण अगदी कोरडं ठणठणीत आहे. वाचकाला काहीतरी व्हायला नको का? बघा ना, तुमच्या पदरचं काही घाला." असं त्या नेहमीच म्हणतात. पदरचं घालायचं म्हणजे चार झाडं, एक पावसाळी दुपार, असं काहीतरी. मी पदरात हात घातला तर तिथे एकच गोष्ट होती. बाकी काही नव्हतंच. मी ती काढून दिली.

न्हाव्याकडून बाहेर पडलो, गालावर कागदाचा चिकटवलेला तुकडा घेऊन, तर खिशात फोन वाजला. ताई. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पोस्टातून निवृत्त झालेली. आई गेल्यावर हिनेच मला नाक-तोंड पुसून वाढवलं.

"संध्याकाळी घरी आहेस ना?" ती म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"आहे. का गं?"

"येतेय. ते कुलूपवाल्याचं पुस्तक वाचलं."

"कुठलं पुस्तक?"

"कुठलं म्हणे!" एवढंच म्हणून तिने विषय बदलला. "चहाचं आधण ठेव. साखर कमी टाक, मागच्या वेळी पाक केला होतास."

चोराच्या मनात चांदणं, तशी गत. ताईला मी कायम सांगत आलोय की मी मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं, असं म्हटलं की ती हसायची, म्हणायची तुला शोभतंय. खरं सांगायची सोय नव्हती, करार होता. आणि खरं सांगायचं तर करार नसता तरी सांगितलं नसतं. लोकांच्या तोंडून बोलून पोट भरतो हे त्या बाईला कसं सांगायचं, जिने आयुष्यभर खिडकीत बसून लोकांची पाकिटं न उघडता इकडची तिकडे पोचवली? पण आता पुस्तक तिच्या हातात पडलं होतं. त्यातलं नववं प्रकरण वाचून कुणीही परका रडला असता, ताई मात्र थिजली असणार. कारण ती गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. तिला आणि मला. तिनेच तर ती मला सांगितली होती.

रस्त्याने चालताना मी नेहमीप्रमाणे खाली बघत होतो. ही माझी खोड. समोरून कुणी बाई आली की मी आधी तिच्या पायांकडे बघतो, दोन्हींत सारखंच पायताण आहे ना ते बघतो, मगच चेहरा. यावरून एकदा बसमध्ये मार खाता खाता वाचलोय. आई गेली तेव्हा मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो एक आहे, पण त्यात ती कॅमेऱ्याला इतकी घाबरलीये की ती आई वाटतच नाही, पाहुणी वाटते. बाबांना विचारायची सोय नव्हती. आईचं नाव निघालं की ते उठून नळ दुरुस्त करायला जायचे. आमच्याइतके धडधाकट नळ त्या इमारतीत कुणाकडे नव्हते. मग मी ताईच्या मागे लागायचो. भांडी घासणाऱ्या ताईच्या पाठीला टेकून बसायचं आणि म्हणायचं, आईचं सांग. एकदा, कदाचित मी फारच छळलं असेल, ती पाठमोरीच म्हणाली, "तुला आठवत नाही? तू शाळेत पडलास, हनुवटी फुटली. निरोप गेला तर आई तशीच धावत आली, एका पायात तिची चप्पल, एका पायात बाबांची. पोरं हसली. तू म्हणालास, ही आमची आई नाही, आमच्याकडे कामाला येते. आईने ऐकलं. आणि बाईंना म्हणाली, हो, त्यांची आई कामावर गेलीये, मला न्यायला पाठवलंय. तुझं दप्तर घेतलं आणि कोपऱ्यापर्यंत तुझ्या मागे दोन पावलं राहून चालली. कामवाली चालते तशी. घरी आल्यावर एका शब्दानं बोलली नाही." ताटली विसळून ताईने पालथी घातली. मी पाठीला टेकून रडत होतो. आठवत नाही कसं म्हणणार? मला ते सगळं दिसत होतं. त्या चपला तर लख्ख दिसत होत्या. डाव्या पायातली बाबांची, मोठी, काळी, अंगठ्याचा पट्टा तारेने बांधलेला, आणि टाच मागे रिकामी राहिलेली.

तेवढंच माझं आईधन. आणि तेही असं, की काढलं की जीव शरमेनं अर्धा व्हावा. मी वयात आलो, नोकऱ्या धरल्या-सोडल्या, एक लग्न केलं ते टिकलं नाही, प्रत्येक वेळी वाटायचं, बरोबर आहे, ज्याने आईला कामवाली म्हटलं त्याला आणखी काय मिळणार. म्हणूनच असेल, प्रकाशकबाईंनी पदरचं मागितलं तेव्हा हात आधी तिथेच गेला. खोटं कशाला बोलू, मनात एक हावही होती. वाटलं, हे एकदाचं कागदावर उतरलं, दुसऱ्याच्या नावावर लागलं, की माझ्या उरावरून उतरेल. मी ते एका बैठकीत लिहिलं. रडत लिहिलं. आणि मग धंद्याच्या सवयीने पुन्हा वाचून दुरुस्त केलं. पाच वर्षांच्या पोराला 'कामाला येते' हे इतकं पटकन सुचणार नाही, म्हणून कुलूपवाल्याला दहा वर्षांचा केला. आणि दुसरं म्हणजे त्या चपला. माझ्या मनात त्या कायम वरून दिसतात, विहिरीत वाकून बघावं तशा. खाली पावलं, बोटं पुढे झालेली. ते वाचताना चुकल्यासारखं वाटत होतं. पोरगा वर्गात उभा, आई दारातून येतेय, म्हणजे चपला समोरूनच दिसायला हव्यात. मी त्या समोरून केल्या. आता प्रकरण ठाकठीक झालं. टक.

कुलूपवाल्याने ते वाचलं तेव्हा मी समोर होतो. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता म्हणेल, हा काय फाजीलपणा, माझ्या आईच्या नावावर काहीही खपवता? तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी टेबलावरचं यंत्र उगाच सरळ केलं. "असंच झालं होतं," तो म्हणाला. "मी विसरून गेलो होतो. बघा, मी साफ विसरून गेलो होतो हो." आणि हनुवटीवरचा व्रण चाचपत हमसून हमसून रडला. तो व्रण कारखान्यात पत्रा लागून झाला होता, माझ्याकडे त्याच्याच आवाजात त्याची नोंद होती. त्यानंतर तो जिथे जाईल तिथे तेच सांगतो. सभेत, शाळांत, रेडिओवर. लोक उठून उभे राहतात. कुणीतरी म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली म्हणे, आईने केव्हाच माफ केलं असेल रे तुला. पाप माझं, माफी त्याला. घरी बसून मी वर्तमानपत्रात ते वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. उरावरून उतरणं तर राहोच, आता ते इतकं मोठं झालं होतं की गावभर ऐकू येत होतं आणि मला त्यावर साधा हक्क सांगता येत नव्हता.

संध्याकाळी ताई आली. जिना चढून धापा टाकत होती. मी तिच्या पायांकडे बघितलं. सँडल, दोन्ही सारखे. तिने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नवव्या प्रकरणाशी बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. मी चहा आणला. तिने एक घोट घेतला, नाक मुरडलं नाही, म्हणजे चवीकडे लक्षच नव्हतं.

"गालाला काय झालं?"

"न्हाव्याने कापलं."

"हललास ना? लहानपणापासून स्थिर बसणं माहीत नाही." मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "हे तू लिहिलंयस."

मी कानावर हात ठेवणार होतो. वाक्यही तयार होतं, मी फक्त मुद्रितं तपासली, योगायोग असेल. पण तिच्यासमोर वाक्यं बनवता येत नाहीत मला. "हो," म्हणालो. "पुस्तकंच लिहितो मी ताई. दुसऱ्यांची. इतकी वर्षं तुला खोटं सांगितलं. आणि हे, हे आईचं मी विकलं. मला माफ कर. नको होतं विकायला. पण त्या माणसाकडे आईच नव्हती आणि माझ्याकडे एवढीच होती."

मला वाटलं, ती भडकेल. ताई भडकते तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक दारं लावतात. ती भडकली नाही. कपाची बशी गोल फिरवत राहिली. मग म्हणाली, "दहा वर्षांचा का केलास त्याला?"

"काय?"

"पुस्तकात तो पोरगा दहा वर्षांचा आहे. दहाच का?"

"पाचाचं पोर असं बोलणार नाही म्हणून. सहज."

"सहज?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. "देवाशप्पथ?"

"अगं हो. का?"

"मला दरदरून घाम फुटला ते वाचून. मला वाटलं, तुला कळलंय. कुणीतरी सांगितलं, बाबा जाताना बोलले असतील. मला वाटलं, हा मला पुस्तकातून सांगतोय की ताई, मला सगळं माहितीये." ती हसली, पण ते हसू मधेच कुठेतरी मोडलं. "आणि तुला तर काही पत्ताच नाही. मीच मूर्ख. उगाच आले, उगाच तोंड उघडलं."

"ताई, काय ते सरळ सांग बाई."

तिने मान मागे टाकली, पार मागे, डोकं खुर्चीला टेकेपर्यंत, आणि बोट हनुवटीच्या खाली ठेवलं. तिथे एक पांढरी रेघ होती. टाक्यांच्या खुणांसकट. एवढं आयुष्य या बाईच्या चेहऱ्यासमोर काढलं, ती जेवायला वाढताना, ओरडताना, तापात उशाशी बसलेली असताना बघितला तो चेहरा, पण खालून कधी बघितला नव्हता. माझा हात आपोआप माझ्या हनुवटीकडे गेला. तिथे काही नव्हतंच. कधीच नव्हतं. लहानपणीच्या जखमा बुजतात, असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

"मी म्हणाले ते," ताई छताकडे बघत म्हणाली. मान तशीच मागे, खाली आणली नाही तिने. "मी. दहा वर्षांची घोडी. नवी शाळा होती, सगळ्यांच्या आया पर्स घेऊन यायच्या. मुली हसायला लागल्या म्हणून मी दाराकडे पाठच केली आणि म्हणाले, कामाला येते. तू मागे लागायचास ना, आईचं सांग, आईचं सांग. माझ्या डोक्यात दिवसरात्र तेच. सांगायला गेले, पण मी म्हणाले, एवढंच तोंडातून निघेना. तू म्हणालास, असं निघालं. मला वाटलं, एवढंसं पोर, उद्या विसरेल. तू रडायला लागलास. आणि मला," तिने डोळे मिटले, "मला बरं वाटलं रे. कुणीतरी त्याबद्दल रडतंय म्हणून बरं वाटलं. म्हणून मग सांगितलंच नाही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होता. मला राग यायला हवा होता. शोधला तर सापडला, थोडा होता. बसमधला प्रसंग, ते मोडलेलं लग्न, सगळं मी ज्याच्या खात्यावर टाकलं ते माझं नव्हतंच. पण त्याहून मोठी होती ती भीती, अगदी लहान मुलाची, काळोखातली. कारण मी म्हणालो नसेन तर मी तिथे नव्हतो. मी तिथे नव्हतो तर ती धावत आली ती माझ्याकडे नाही. म्हणजे आता माझ्याकडे काहीच नाही. ताईने आपलं पाप परत नेलं आणि जाताना त्याबरोबर माझी आईही उचलली.

"रेडिओवर तो माझं पाप सांगत हिंडतोय," ताई डोळे पुसत म्हणाली, "आणि लोक त्याला शाबासकी देतायत. मेल्याला जाऊन सांगावंसं वाटतं, माझं आहे ते, दे इकडे. तू बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर."

"मग मला दिसतं ते काय?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "मी नव्हतोच तिथे, तर मला त्या चपला का दिसतात? आणि वरून का दिसतात? मी पुस्तकात त्या समोरून केल्या, पण मला त्या वरून दिसतात ताई. कायम. तेही तूच सांगितलंस का?"

ताईची मान खाली आली. "वरून?"

"वाकून बघितल्यासारख्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात तोंडावर ठेवला. "अरे, तू होतास की तिथे. कडेवर होतास तिच्या. घरी कुणाकडे ठेवणार तुला? तीन वर्षांचं धूड कडेवर मारून तशीच धावत आली ती. म्हणून तर दम लागला होता तिला. परत जाताना एका हातात माझं दप्तर, कडेवर तू." तिने माझा दंड धरला. "मी ते कधी सांगितलंच नाही. तुला माझ्या जागी उभं केलं होतं ना, मग कडेवर कुणाला ठेवणार?"

मी टेबलावरचं पुस्तक बघत होतो. सबंध प्रकरणात एकच गोष्ट माझी स्वतःची होती, ती मी चूक समजून दुरुस्त केली होती. आणि माझ्या अंगात काहीतरी हलायला लागलं. आठवलं असं म्हणवत नाही; माझा धंदा मला माहीत आहे, हवं ते आठवतंच. पण हिसके बसत होते, पावलागणिक, आणि कुणाचा तरी मोठमोठ्याने चाललेला श्वास कानापाशी, आणि खाली फरशी पळतेय.

"बाबांची चप्पल डाव्या पायात होती ना?" मी विचारलं. "पट्ट्याला तार बांधलेली?"

तिचा हात माझ्या दंडावरच होता.

"ते मला नाही माहीत रे," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही तिच्याकडे. मुली चपलांना हसतायत एवढंच ऐकलं. आणि मागे ती चालत होती तेव्हा मी वळले नाही, घर येईपर्यंत वळले नाही." मग हळूच, मी लहानपणी विचारायचो तसं, तिने विचारलं, "तार होती का पट्ट्याला?"

"होती," मी म्हणालो. "डाव्या."